भेंडीला मटण लागतं तेव्हा...

भेंडी आणि मटण? एकाच पातेल्यात? शी!

ही रिअॅक्शन मला आता पाठ झालीये. एका मैत्रिणीने तर माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं.

त्यांचंही बरोबर आहे म्हणा. भेंडी ही आपल्याकडची सगळ्यात सेफ भाजी. कोणाला काय आवडतं माहीत नसलं की भेंडी. डब्याला भेंडी. कारल्या-दोडक्याला नाकं मुरडणारी पोरंसुद्धा जी खातात ती भेंडी. आणि मटण म्हणजे रविवार. एक आठवड्याच्या मधल्या वारांची, साधी, गुपचूप होणारी. दुसरं सकाळी सातला पिशवी घेऊन निघण्यापासून दुपारच्या झोपेपर्यंत अख्खा दिवस खाणारं. या दोघांची गाठ पडायचं कारणच काय?

त्यातून मी कोल्हापूरची. आमच्याकडे मटणाला दुसऱ्या कशाची सोबत लागत नाही. मटणाला मटणाचीच सोबत. सुकं मटण, त्याच्याच अळणी पाण्याचा पांढरा रस्सा आणि त्याचाच तांबडा. भाजी हवीच असेल तर ताटात कांदा आहे की! मटणात बटाटा घालणाऱ्यांच्या घरी आमचे बाबा दुसऱ्यांदा जेवायला जात नाहीत. ‘पाहुण्याला फसवायचा धंदा हाय तो’ हे त्यांचं स्पष्ट मत. २०१९च्या शेवटी मटणाचे दर वाढले तेव्हा कोल्हापुरात लोक चक्क आंदोलनाला रस्त्यावर उतरले होते. बाकीच्या महाराष्ट्राने त्यावर पोट धरून हसून घेतलं. आमच्या घरात कुणी हसलं नाही.

तर अशा घरात वाढलेली मी पुण्यात एका हैदराबादी मुलीबरोबर टू-बीएचकेमध्ये राहते. ती आयटीत, मी फ्रीलान्स. म्हणजे तिचा पगार एक तारखेला येतो आणि माझा चेक ‘या आठवड्यात नक्की’ येतो. तिच्या ऑफिसात तिला ‘बिर्याणी’ म्हणतात. तिला त्याचा भयंकर राग आहे. ‘हमारे घर में महिने में एक बार बिर्याणी बनती, बाकी के दिन क्या हम भूके बैठते?’ असं ती एकदा टीम लंचमध्ये सगळ्यांसमोर म्हणाली होती. बाकीच्या दिवशी ते काय खातात, हे मला एका गुरुवारी रात्री कळलं.

डेडलाइन संपवून निघाले होते. तिचा मेसेज आला, ‘भिंडी बनाई है, रोटी लेती आना.’ मी पोळी-भाजी केंद्रातून सहा पोळ्या घेतल्या, घरी आले, झाकण काढलं. आत लालसर, आंबूस वासाचा दाट रस्सा. त्यात बोटभर लांबीच्या भेंड्या. आणि भेंड्यांच्या मधून डोकावणारी हाडं.

‘तू भेंडी केलीयेस म्हणालीस ना?’

‘हाँ, भिंडीच तो है.’

‘मग हे काय?’

‘गोश्त है. वो तो रहताच!’

(दखनीतला तो ‘च’ आपलाच बरं का. मराठीतून गेलेला. हैदराबादी माणूस ‘मैंच’, ‘आजच’ म्हणतो तेव्हा मला उगाच नात्यातलं कुणी भेटल्यासारखं वाटतं.)

मला त्या दिवशी नेमकं हेच ‘वो तो रहताच’ भावलं. आमच्याकडे ‘आज मटण आहे’ ही घोषणा असते. तिच्या घरी ‘आज भिंडी है’, ‘आज लौकी है’, ‘आज तुरई है’ एवढंच म्हणतात. मटण त्यात गृहीत धरलेलं. नाव भाजीचं, चव गोश्तची. अंबाडीची भाजी? तीही गोश्त घालून. दुधी घातलेला दालचा? त्यातही गोश्त. आणि हे हैदराबादपुरतं नाही. दिल्ली-लखनौच्या मुस्लिम घरांमध्ये रोजच्या ‘सालन’मध्ये हंगामाप्रमाणे शलगम, अरवी, पालक, भेंडी पडत असते. आपल्या मराठवाड्यातल्या मुस्लिम घरांना तर यात काही नवल वाटणार नाही. औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, नांदेड, परभणी, बीड हा सगळा भाग १९४८पर्यंत निजामाच्याच राज्यात होता की! पारशी लोक ‘तरकारीमां गोश्त’ करतात. गोव्यात हीच भेंडी कोळंबीच्या कढीत जाऊन बसते आणि तिथे कुणाला त्याचं काही वाटत नाही. विचित्र आम्हीच.

मग हे हॉटेलात का मिळत नाही? मी मेन्यूकार्डं धुंडाळली. रोगन जोश आहे, रारा आहे, हंडी आहे. भेंडी-गोश्त जवळपास कुठेच नाही. कारण सोपं आहे. हॉटेलची ग्रेव्ही सकाळी होते, ती दिवसभर चालते. भेंडी थांबत नाही. दोनदा गरम केली की तिचा लगदा. शिवाय चारशे-साडेचारशे रुपये मोजणारं गिऱ्हाईक बोल उलटा करून तुकडे मोजतं. भेंडीच्या खाली दोनच तुकडे निघाले तर मॅनेजरला बोलावतं. ही घरचीच गोष्ट आहे. पावशेर मटण आणि घरात खाणारी पाच-सहा तोंडं, यातून निघालेली. हाडाचा अर्क रश्श्यात, रश्श्याची चव भाजीत, आणि भाजी सगळ्यांच्या ताटात. आता मटण किलोला सातशेच्या वर गेलेलं असताना हे गणित मला तरी फार हुशार वाटतं.

पण मी काही पैसे वाचवायला हा पदार्थ शिकले नाही. मी शिकले बाबांमुळे.

दिवाळीच्या आधी बाबांच्या छातीत दुखायला लागलं. अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. सगळं नीट पार पडलं. चौथ्या दिवशी ते घरी आले आणि आईने किचनमधला मटणाचा कुकर माळ्यावर टाकला. सिम्बॉलिक वगैरे काही नाही हं, खरोखर टाकला. शेजारच्या मुलाला स्टुलावर चढवून.

साखर कारखान्याच्या अकाउंट्समधून रिटायर झालेला माणूस. दारू नाही, तंबाखू नाही, पत्ते नाहीत. रविवारचं मटण ही एकच चैन. दुकानदाराशी ठरलेली वेळ, ठरलेला भाग, ‘जरा नळी बघून दे’ हे ठरलेलं वाक्य. सगळं एका फटक्यात बंद. आणि बाबांनी भांडणही केलं नाही. हे जास्त वाईट. रविवारी सकाळी ते सवयीने सातला तयार व्हायचे आणि मग पेपर घेऊन बसायचे. मी फोन केला की ‘बरं हाय’. काय जेवलात? ‘दोडका.’ एवढंच.

जानेवारीत भांडं फुटलं. मित्राच्या रानात पार्टी होती, तिथे ते जेवून आले. आईला शर्टाच्या वासावरून कळलं. पुढचे आठ दिवस आई त्यांच्याशी बोलली नाही. मला मात्र रोज फोन. ‘मी कुणासाठी करते गं हे सगळं? मला काय दोडका आवडतो?’ आई रडत होती. मी पहिल्यांदाच तिला बाबांवरून रडताना ऐकलं. ती घाबरली होती, एवढंच होतं ते. त्या चार दिवसांत आयसीयूच्या बाहेर ती एकटी बसली होती आणि त्यावर ती नंतर कधीच काही बोलली नाही. बोलायचं सोडून तिने कुकर माळ्यावर टाकला.

पुढच्या चेकअपला मी मुद्दाम कोल्हापूरला गेले आणि डॉक्टरांना सरळ विचारलं. मास कॉममध्ये एक गोष्ट चांगली शिकवतात, बाइट सोर्सकडूनच घ्यायचा! डॉक्टर म्हणाले, ‘बंद करा असं मी कधी म्हटलं? चरबी काढून घ्या, तेल कमी ठेवा, महिन्यातून दोनदा, तीन-चार तुकडे. तांबड्यावरची तर्री नको.’ आई खुर्चीवर ताठ बसून ऐकत होती. बाबा पंख्याकडे बघत होते.

रिक्षात बसल्यावर बाबा म्हणाले, ‘तीन तुकडे. त्यापेक्षा नगं.’

मला त्यांचं म्हणणं कळलं. कोल्हापुरी ताट डोळ्यासमोर आणा. मधे सुकं मटण, दोन्ही बाजूंना रश्श्याच्या वाट्या. त्या मधल्या जागेत तीन तुकडे ठेवले की ताट जेवणाचं दिसत नाही, पथ्याचं दिसतं. आजारी माणसाचं दिसतं. आणि बाबांना आजारी दिसायचं नव्हतं. आमच्या पद्धतीत कमी मटणाचं मटण होतच नाही. होतं ते अपुरं मटण.

पुण्याला परतताना सातारा रोडच्या ट्रॅफिकमध्ये माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. तीन तुकड्यांचं ताट भरलेलं दिसतं असा एक पदार्थ मी गेले वर्षभर गुरुवारी गुरुवारी खात होते!

रूममेटने सरळ तिच्या अम्मीला व्हिडिओ कॉल लावला. अम्मींना मी आंटी म्हणायचे, त्यांनी पहिल्याच मिनिटाला ‘अम्मीच बोलो’ म्हणून ते मिटवून टाकलं. मग वही-पेन घेऊन बसा, म्हणाल्या. मी बसले. तो क्लास दीड तास चालला आणि त्यातला पाऊण तास फक्त भेंडी कशी पुसायची यावर होता.

हसू नका. सगळी मेख तिथेच आहे. भेंडी ही जास्वंदीच्या कुळातली. कापूस, अंबाडी ही तिची भावंडं. जास्वंदीचं पान चुरगळलं की हाताला जे बुळबुळीत लागतं तेच भेंडीच्या पोटात असतं. हा चिकट पदार्थ पाण्यात विरघळतो, पाणी मिळालं की फुगतो, आणि मग लागतात तारा. म्हणून भेंडी आधी धुवायची, एकेक पुसायची, पंख्याखाली अर्धा तास पसरायची आणि कोरडीठाक झाल्यावरच सुरीला लावायची. देठाची टोपी अशी तासायची की आतली पोकळी उघडी पडू नये. कोवळ्या, बोटाएवढ्या भेंड्या तशाच अख्ख्या. मोठ्या असतील तर दोन तुकडे. मी तीन करू का विचारलं तर अम्मी म्हणाल्या, ‘काटने का शौक है तो प्याज काटो!’

मग ती तेलात परतायची. जितके जास्त काप, तितका जास्त चिकटपणा बाहेर. जितकी कडक आच, तितकं पाणी लवकर उडतं आणि तितक्या तारा कमी. अम्मींच्या घरी ती तळून काढतात. मी बाबांचं सांगितलं. एक मिनिट शांतता. मग म्हणाल्या, तव्यावर दोन चमचे तेलात कर, पण पसरून, एकावर एक नको, झाकण नको, मीठ नको. मिठाने पाणी सुटतं. तवा लोखंडी नको, काळी पडेल. कडेला डाग पडले की काढ.

मटण वेगळं. अर्धा किलो भेंडीला पावशेर मटण, हाडासकट. कांदा बदामी होईपर्यंत परतायचा, आलं-लसूण, हळद, तिखट, धण्याची पूड, दोन टोमॅटो, आणि मटण मऊ होईपर्यंत शिजवायचं. पूर्ण मऊ. ‘भिंडी का इंतजार गोश्त को करना है, गोश्त का इंतजार भिंडी नहीं करती.’ मटणाला वेळ लागतो, भेंडीला आठ-दहा मिनिटं पुरतात. दोघं बरोबर टाकली की मटण शिजेपर्यंत भेंडीचं सूप झालेलं असतं. तर मटण झालं की लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, त्याला एक उकळी, मग भेंडी, वर चार हिरव्या मिरच्या आणि कोथिंबीर. यानंतर पळी घालायची नाही. पातेलं दोन्ही हातांनी धरून गोल फिरवायचं.

चिंच ही चवीपुरती नाही. आंबटाने तारा कमी होतात आणि भेंडीचं साल लवकर गळत नाही. आपल्याकडे भेंडीत आमसूल टाकतात, लिंबू पिळतात, कुणी दही घालतं, ते याचसाठी. आज्या केमिस्ट्री शिकल्या नव्हत्या, पण प्रॅक्टिकल पक्कं होतं.

गंमत म्हणजे जगात सगळीकडे या बुळबुळीतपणाशी लोकांची आपापली मांडवली झालेली आहे. अमेरिकेत लुइझियानाला ‘गंबो’ नावाचा रस्सा करतात, ते नावच मुळात आफ्रिकेतल्या भेंडीच्या नावावरून आलंय. तिथे हाच चिकटपणा रस्सा दाट करायला वापरतात. इराक, इजिप्तपासून तुर्कस्तानापर्यंत मटण आणि भेंडीचा ‘बामिया’ हे साधं घरगुती जेवण आहे. तुर्कस्तानात कोन्या नावाच्या शहरात तर वाळवलेल्या चिमुकल्या भेंड्यांचं, मटण घातलेलं आंबट सूप लग्नाच्या पंगतीत वाढतात. आणि आपण, जगात सगळ्यात जास्त भेंडी पिकवणारा देश, तिला डब्यातून बाहेर पडू देत नाही! (जाता जाता, मुंबईच्या भेंडी बाजाराचा या भाजीशी संबंध नाही. कुणी म्हणतं ते ‘बिहाइंड द बाजार’चं मराठी रूप, कुणी म्हणतं तिथल्या भेंडीच्या झाडांवरून. ते झाड वेगळं, नातं मात्र याच कुळातलं.)

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी रात्री मी बसमधून कोल्हापूरला उतरले. रविवारी सकाळी सातला बाबांना म्हटलं, चला. त्यांनी आईकडे बघितलं. आई म्हणाली, ‘पावशेर. आणि चरबी काढून.’ दुकानदाराने सव्वा महिन्याने... नाही, चार महिन्यांनी बाबांना बघितलं. ‘काय सर, किती करू, किलो?’ ‘पावशेर,’ बाबा म्हणाले. दुकानदाराने मान वर केली, बाबांकडे बघितलं, काही विचारलं नाही. नळी मात्र न सांगता टाकली.

भेंडी घ्यायला थांबलो तेव्हा त्यांना कळलं. ‘ही कशाला?’ मी सांगितलं. बाबा मंडईच्या मधोमध उभे राहिले. ‘मटणात? भेंडी?’ भाजीवाल्या मावशीही तोंडाला पदर लावून हसल्या. पण त्यांनी निवडून दिली. कोवळी भेंडी टोकाला मोडली की कट् करून तुटते, नुसती वाकली तर जून. बाबांनी प्रत्येकीचं टोक मोडून बघितलं. शेतकऱ्याचा मुलगा शेवटी. घरी येताना सांगायला लागले, त्यांच्या रानात एके काळी ‘परभणी क्रांती’ लावायचे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने १९८०च्या दशकात काढलेली भेंडीची जात. पांढऱ्या माशीमुळे भेंडीची पानं पिवळ्या शिरांची होऊन अख्खा प्लॉट जायचा, त्या रोगाला ही जात दाद द्यायची नाही. ‘नाव बघ काय ठेवलंय, क्रांती!’ बाबा इतकं सलग बोलले त्याला चार महिने झाले होते. मी पिशवी सांभाळत गुपचूप ऐकत होते.

किचनमध्ये मी आणि आई. कुकर माळ्यावरून काढला नाही, आईने छोटा दिला. मी अम्मींच्या वहीप्रमाणे चालले होते. मधेच बाबांनी दारातून डोकावून ‘चटणी घातली का?’ विचारलं. आमच्याकडे चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला. आईने न बोलता एक चमचा टाकला. हैदराबादच्या पातेल्यात कोल्हापूर घुसलं ते असं.

ताट वाढलं. भाकरी, कांदा, आणि खोलगट वाटीत भेंडी-गोश्त. तीन तुकडे आणि एक नळी. भेंड्यांमधून ते वर आलेले, रश्श्याने माखलेले. मी मुद्दाम बाजूला उभी राहून बघत होते. ताट भरलेलं दिसत होतं.

बाबांनी आधी मटण खाल्लं. अर्थातच. मग नळी, ती ताटावर आपटून, शास्त्रशुद्ध. भेंड्या बाजूला सारलेल्या. मला वाटलं गेलं सगळं. मग त्यांनी भाकरीच्या तुकड्यात एक भेंडी धरली, रश्श्यात बुडवली, तोंडात टाकली. चावत राहिले. दुसरी घेतली. ‘मटण लागलंय की भेंडीला,’ म्हणाले. तिसरी, चौथी. मग आईला म्हणाले, ‘आणखी भेंडी वाढ.’

मटण मागितलं नाही, भेंडी मागितली! आईने माझ्याकडे बघितलं.

मला त्या दिवशीची अजून एक गोष्ट आठवते, ती बाबांची नाही. आमच्याकडे मटणाच्या दिवशी आई शेवटी जेवते. म्हणजे पातेल्याच्या तळाचा रस्सा आणि कुणी घेतला नाही तो मानेचा तुकडा. लहानपणापासून मी तेच बघत आलेय आणि तिला रस्साच आवडतो असं आमच्या घरात सगळ्यांनी ठरवून टाकलेलं. त्या रविवारी पावशेर मटणाच्या त्या पातेल्यात आम्हा तिघांचं जेवण झाल्यावर अर्ध्याहून जास्त सालन शिल्लक होतं. अर्धा किलो भेंडी होती ना! आई आमच्याबरोबरच बसली होती. मधेच उठलीही नाही. तिने दोन तुकडे घेतले. रात्रीही तेच खाल्लं, फ्रीजमधलं, गार, उभ्यानेच.

आता महिन्यातले दोन रविवार ठरलेत. एक भेंडीचा. दुसऱ्या रविवारी प्रयोग होतात. एकदा दुधी झाला (नापास), एकदा अंबाडी (बाबा म्हणाले, ‘ही जमली’). मावशीने हे सगळं ऐकून स्वतःच्या घरी भेंडी-मटण करून बघितलं. चिरलेली भेंडी धुतली आणि मटणाबरोबरच कुकरला लावली, चार शिट्ट्या. काकांनी म्हणे ते वॉलपेपर चिकटवायला ठेवा म्हणून सांगितलं. मावशी अजून आईला दोष देते.

आई-बाबांचं सगळं आलबेल झालंय असं नाही हं. बाबा अजून चौथा तुकडा मागतात, आई अजून तर्री चमच्याने काढून टाकते आणि त्यावरून दर वेळी दोन वाक्यं होतात. पण ती दोन वाक्यं होतात. मधे तीही होत नव्हती.

गेल्या रविवारी मी घरी होते तेव्हा रूममेटचा कॉल आला. ती सुट्टीला हैदराबादला गेली होती. अम्मींना बाबांशी बोलायचं होतं. मी फोन स्पीकरवर टाकला. बाबांनी टॉवेलला हात पुसले, सरसावून बसले आणि त्यांच्या खास हिंदीत सुरू झाले. ‘भाभीजी, आपका भेंडी एकदम फर्स्ट क्लास हैं. हमारा इधर सबको पसंद पड्या.’ अम्मी खूश. म्हणाल्या, भाईसाब, आता आम्हालाही तुमच्याकडचं काहीतरी शिकवा, वो सफेद वाला सालन, बच्ची बहुत तारीफ करती.

पांढरा रस्सा! बाबांची छाती फुगली. मटणाचं अळणी पाणी कसं काढायचं, खोबऱ्याचं दूध, तीळ, खसखस, खडा मसाला, उकळताना फुटू नये म्हणून काय काळजी घ्यायची, सगळं सांगितलं. वीस मिनिटं. आईने मधे दोन करेक्शन केल्या, त्या त्यांनी चक्क मान्य केल्या. पलीकडे पेनाचा आवाज येत होता, अम्मी लिहून घेत होत्या.

शेवटी अम्मींनी विचारलं, ‘सब समझ गया भाईसाब. बस एक बात बताना... इसमें तरकारी कौन सी डालते?’

बाबांनी फोन माझ्या हातात दिला.